पंडिता आणि बिशपसाहेब

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं. तेही एका धड्यापुरतं. शारदा सदन, मुक्ती मिशन, विधवांसाठी केलेलं काम... आणि मग जरा आवाज खाली आणून, त्या ख्रिस्ती झाल्या. झालं, संपला धडा! धर्म बदलला म्हणून पुणं त्यांच्याशी कसं वागलं, 'केसरी'नं त्यांच्यावर कशी झोड उठवली, यावर पुष्कळ लिहून झालंय. पण ख्रिस्ती झाल्यानंतर चर्चच्या थोरामोठ्यांशी त्यांचं जे वाजलं, ते फार कमी जणींना ठाऊक असतं. मैत्रिणींनो, मला विचाराल तर रमाबाई नावाची बाई खरी कळते ती या दुसऱ्या भांडणात. कारण पहिलं भांडण परक्या झालेल्या लोकांशी होतं. दुसरं मात्र ज्यांनी आसरा दिला, शिकवलं, लेकीला सांभाळलं, त्यांच्याशी होतं. उपकारकर्त्याला जाब विचारणं किती अवघड असतं, हे सांगायला नको.

सुरुवातीपासून सांगते. रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, पण त्यांना एक 'वेड' होतं. बायकोला संस्कृत शिकवायचं! त्याबद्दल त्यांना उडुपीला धर्मपंडितांच्या सभेपुढे उभं राहावं लागलं. ते उभे राहिले, ग्रंथांतले आधार काढून दाखवले आणि आपलं म्हणणं पटवून आले. म्हणजे धर्माच्या अधिकाऱ्यांपुढे मान खाली न घालता पुरावा मागायचा आणि द्यायचा, हे रमाबाईंच्या घरातच होतं. आई लक्ष्मीबाईंनी लेकीला पहाटे उठवून श्लोक पाठ करून घेतले. ही शिदोरी पुढे साता समुद्रापार उपयोगी पडणार होती.

हे कुटुंब पुराणं सांगत देशभर हिंडत असे. 1874 ते 1877च्या दुष्काळात वडील गेले, मग आई गेली, थोरली बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं जवळजवळ सगळा देश पायी तुडवत 1878 साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्यानंतर ती पुरुषांनी भरलेल्या सभांमधून भाषणं करत फिरली. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच मोठा प्रश्न होणार आहे.

1880मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणी पद्धतीचं. 1881च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि 1882च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. तेविसाव्या वर्षी कडेवर तान्ही मुलगी आणि मागंपुढं कोणी नाही. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं. एवढं सगळं त्या एका वर्षात!

डॉक्टरी शिकायला विलायतेला जायचं त्यांच्या मनात होतं. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये वाँटेजच्या सिस्टर्सशी ओळख झाली होती. (हेच ते पंचहौद, जिथल्या चहाच्या कपावरून 1890मध्ये टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं!) तिथल्या बाईंकडून त्या इंग्रजी शिकल्या. 1883च्या एप्रिलमध्ये त्या मनोरमाला आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीला घेऊन निघाल्या. प्रवासाचा खर्च त्यांनी पुस्तकाच्या पैशातून केला. वाँटेजच्या मठात राहायचं, त्या बदल्यात हिंदुस्थानात येणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायची, असा व्यवहार ठरला होता. म्हणजे त्या भिक्षा मागायला गेल्या नव्हत्या. निघताना धर्म बदलायचा नाही, हेही त्यांच्या मनात पक्कं होतं.

मग बदलला का? तर लंडनमधल्या फुलहॅमला या सिस्टर्सचं एक घर होतं. वाट चुकलेल्या, फसवल्या गेलेल्या, रस्त्यावर आलेल्या बायकांसाठी. तिथं अशा बायकांना कुणी दार लावून घेत नव्हतं, त्यांना माया लावत होते. रमाबाईंनी आपल्याकडे धर्माच्या नावानं अशा बायकांचं काय होतं ते पाहिलं होतं. ते घर बघून त्या हलल्या. शिवाय नेहेम्या गोरे, म्हणजे मूळचे काशीचे नीळकंठशास्त्री गोरे, यांच्या लिखाणानं त्यांच्या शंका बऱ्याच दूर केल्या. त्याच सुमारास एक भयंकर गोष्ट घडली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजला आत्महत्या केली. आपल्याला जबरदस्तीनं बाटवतील या धास्तीनं त्यांचं मन ढळलं होतं, असं तेव्हाच्या लिखाणातून दिसतं. परक्या देशातल्या त्या घरात केवढा ताण असेल, कल्पना करा. पुढे 29 सप्टेंबर 1883ला रमाबाई आणि अडीच वर्षांच्या मनोरमाचा बाप्तिस्मा झाला.

इथपर्यंतची गोष्ट मिशनवाल्यांना फार आवडते. एवढी मोठी ब्राह्मण पंडिता ख्रिस्ती झाली! पण यानंतर जे घडलं, ते त्यांना गैरसोयीचं होतं.

रमाबाईंची ऐकण्याची शक्ती कमी होत चालली होती, त्यामुळे डॉक्टरी बारगळली. 1884मध्ये त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथल्या प्रमुख मिस डोरोथिया बील. रमाबाई तिथं संस्कृत शिकवत आणि स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकत. अशात एक बेत निघाला की त्यांनी हिंदुस्थानात जाणाऱ्या काही तरुण मुलग्यांना, पुरुषांना शिकवावं. साधी गोष्ट. पण ही बातमी वाँटेजहून बिशपांपर्यंत गेली आणि गहजब झाला. मुंबईचे बिशप मिल्न आणि लाहोरचे बिशप फ्रेंच, दोघांनीही कळवलं की असं होता कामा नये. पुरुषांना शिकवलं असं कळलं तर हिंदुस्थानात या बाईचा आपल्या भगिनींवर काही प्रभाव राहणार नाही, तिचं सगळं काम वाया जाईल, असा त्यांचा दावा होता.

हे बिशप कोण होते, तेही बघा. मुंबईच्या बिशपाची नेमणूक इंग्लंडच्या राजसत्तेच्या सहीशिक्क्यानं होई आणि पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून निघे. म्हणजे आपल्या पणजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्यातून! पण त्या बिशपाला प्रश्न विचारायचा हक्क पणजोबांना तर नव्हताच, साध्या देशी ख्रिस्ती माणसालाही नव्हता. बंगला, गाडी, गव्हर्नरच्या पंगतीत मानाची जागा... देवाचा सेवक आणि साहेब, दोन्ही एकाच झग्यात. अशा माणसांनी हजारो मैलांवरच्या एका विधवेनं कुणाला शिकवावं आणि कुणाला नाही हे ठरवलं. तिला विचारलं का? छे! एकमेकांना पत्रं लिहिली, सिस्टर्सना लिहिली, मिस बीलना लिहिली. जिच्याबद्दल हे चाललं होतं तिला सगळं ठरल्यावर कळलं.

रमाबाई खवळल्या. त्यांनी जे उत्तर लिहिलं त्याचा आशय असा की, वडिलांनी आणि नवऱ्यानंही कधी अशी आडकाठी केली नाही, मग हे लांबचे गृहस्थ कोण? कलकत्त्यात, पुण्यात मी पुरुषांच्या सभांमधून बोलले तेव्हा कुणाचं काय बिघडलं? आणि हिंदुस्थानातल्या लोकांना काय चालेल, काय नाही, हे मला शिकवणारे हे कोण? सद्सद्विवेकबुद्धी देवानं दिली आहे ती वापरण्यासाठी, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. आपल्याकडच्या भटजींच्या जोखडातून मोठ्या कष्टानं मान सोडवून घेतली, ती दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडात घालायला नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट कळवलं.

यातली गंमत बघा. बिशपसाहेबांचा युक्तिवाद होता की आपण हिंदू समाजाच्या भावना जपतोय. बाईमाणसाला आवरायचं असलं की सगळ्या धर्मांचे अधिकारी एकमेकांच्या रूढींचा कसा आदर करायला लागतात!

या सगळ्या पत्रव्यवहारात मध्यभागी होत्या सिस्टर जेराल्डिन. वाँटेजमध्ये रमाबाईंची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. रमाबाई त्यांना लाडानं 'आजीबाई' म्हणत, पत्राच्या मायन्यातसुद्धा! म्हणजे माया दोन्हीकडून होती, खोटी नव्हती. पण आजीबाईंना नात आज्ञाधारक हवी होती आणि नात होती शास्त्र्यांच्या घरची. त्रैक्याचा सिद्धान्त मला पटत नाही, बायबलमध्ये तो कुठं आहे ते दाखवा, असं ती विचारायची. कुमारी मातेच्या पोटी जन्म, चर्चचे जुने जाहीरनामे, सगळ्यावर तिचे प्रश्न. येशूवर माझी श्रद्धा आहे, पण बिशप म्हणतात म्हणून एखादी गोष्ट खरी, हे मी मानणार नाही, ही तिची भूमिका. आजीबाईंना यात गर्व दिसला, हट्ट दिसला, कृतघ्नपणा दिसला. शंकेला उत्तर देण्याऐवजी शंका काढणारीच्या स्वभावाला नावं ठेवली की काम सोपं होतं. आपल्या घराघरांतून हे होतंच की!

लहानसहान गोष्टींवरूनही ठिणग्या उडत. गळ्यात घालायच्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, अक्षरं कोरायचीच तर संस्कृत का नकोत? माझ्या देशातल्या किती जणांना लॅटिन कळतं? इंग्रज बाईला तरी कळतं का? अंडं घातलेलं पुडिंग त्या खात नसत. सिस्टर्सना वाटे, हा जातीचा अभिमान अजून सुटला नाही. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी येशूला मानते म्हणून माझी जेवणाची सवय, माझा पेहराव, माझी बोली का टाकू? ख्रिस्ती होणं म्हणजे इंग्रज होणं नव्हे. आज वाचताना हे साधं वाटतं. पण 1885मध्ये, त्यांच्याच छपराखाली राहून हे म्हणायला छाती लागत होती.

सगळ्यात नाजूक प्रश्न मनोरमाचा. आई चेल्टनहॅमला आणि लेक वाँटेजला, सिस्टर्सच्या हाताखाली. आपल्याला जे पटलेलं नाही ते लेकीला पाठ करून घेतलं जातंय, हे आईला खुपत होतं. लेक आपल्याच लोकांना कमी लेखणारी मडमीण होऊ नये, अशीही धास्ती होती. तिनं तसं लिहिलं. त्यावर आजीबाई दुखावल्या. मी स्वतः आई आहे म्हणून सांगते, आपलं मूल ज्यांच्या भाकरीवर वाढतंय त्यांना असं लिहिताना त्या बाईचा हात किती वेळा थबकला असेल!

मिस बील मात्र वेगळ्या निघाल्या. त्याही श्रद्धाळू, त्याही त्याच चर्चच्या. पण त्यांनी रमाबाईंच्या प्रश्नांना प्रश्न म्हणून घेतलं. लांबलचक उत्तरं लिहिली, वाद घातला, पटलं नाही तरी तिला वेळ द्या, दडपू नका, असं वाँटेजला सांगत राहिल्या. शिक्षिकेला प्रश्नांची सवय असते, बिशपांना नसते, एवढाच फरक असेल कदाचित.

ही सगळी पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात, त्याचं श्रेय पुन्हा आजीबाईंनाच. त्यांनी ती जपली, नीट लावून ठेवली. 1977मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती इंग्रजीत पुस्तकरूपानं छापली, अ. भि. शहा यांनी संपादन केलं. बिशपांची पत्रंही त्यात आहेत. त्यांना तेव्हा स्वप्नातही वाटलं नसेल की आपली ही खासगी कुजबुज नव्वद वर्षांनी सरकारी खर्चानं छापली जाईल!

भांडुपला आमचा बायकांचा एक छोटा वाचनगट आहे. या पत्रांबद्दल तिथं बोलत होतो तेव्हा एक ख्रिस्ती मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आमच्याकडे एकदा दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा झाली, मी हिशेब विचारला, तर सांगण्यात आलं की देवाच्या सेवकावर संशय घेऊ नये. पुढच्या महिन्यापासून तिला बायकांच्या मंडळाच्या बैठकीचा निरोपच येईना. कुठलं चर्च ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दुसरी एक जण लगेच म्हणाली, आमच्या देवळाच्या ट्रस्टमध्ये जाऊन बघ, काही वेगळं नाही! ते खरंच आहे. पण म्हणून चर्चमधला प्रश्न लहान होत नाही.

आणि तो जुनाही झालेला नाही. 2018च्या सप्टेंबरमध्ये केरळात काही नन्स कोचीच्या रस्त्यावर धरणं धरून बसल्या, त्यांच्यातल्या एकीनं बिशपावर केलेल्या तक्रारीची चर्चमध्ये दाद लागेना म्हणून. 2022मध्ये न्यायालयानं त्या बिशपांना निर्दोष सोडलं. तो निकाल न्यायालयाचा. पण आपल्याच धर्मगुरूंनी ऐकून घ्यावं यासाठी नन्सना रस्त्यावर बसावं लागलं, याचं उत्तर त्या निकालात नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा ज्या चर्च ऑफ इंग्लंडमध्ये झाला, त्याचे प्रमुख धर्मगुरू जस्टिन वेल्बी यांना 2024च्या नोव्हेंबरमध्ये राजीनामा जाहीर करावा लागला. चर्चशी संबंधित एका माणसानं वर्षानुवर्षं मुलांवर केलेल्या अत्याचारांची दखल वेळेवर घेतली नाही, असा चौकशी अहवाल आला होता. त्यांच्या जागी 2025च्या ऑक्टोबरमध्ये सेरा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. त्या पदावर आलेली ही पहिली बाई. मुलग्यांना शिकवू नको म्हणून एका विधवेला अडवणाऱ्या चर्चला इथवर यायला एकशेचाळीस वर्षं लागली.

परत रमाबाईंकडे येऊ. 1886मध्ये फिलाडेल्फियाहून बोलावणं आलं. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी तिथं डॉक्टर होणार होत्या. सिस्टर्सना हे जाणं पसंत नव्हतं. रमाबाई गेल्याच, आणि पदवीदान समारंभाला हजर राहिल्या. काही महिन्यांसाठी गेलेल्या त्या तिथं जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. गावोगाव भाषणं केली, पुरुषांपुढेही! 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिलं. 1887च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. त्यात वेगवेगळ्या पंथांची माणसं होती आणि दहा वर्षं मदत द्यायचं त्यांनी कबूल केलं. मला यातली पद्धत महत्त्वाची वाटते. बिशपांच्या हातून पैसा घेतला असता तर बिशपांची आज्ञा आली असती. इथं मंडळ होतं, हिशेब होते, दरवर्षी अहवाल छापला जाई. हिंदुस्थानातही सल्लागार मंडळ होतं आणि त्यात रानडे, भांडारकर यांच्यासारखे हिंदू सुधारक होते.

11 मार्च 1889ला गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. काशीबाई कानिटकर अध्यक्ष होत्या. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. सदनात धर्म शिकवायचा नाही, ज्या मुलीला जे पाळायचं ते तिनं पाळावं, असा नियम. मुंबईतल्या मिशनऱ्यांना हे अजिबात रुचलं नाही. ख्रिस्ती बाईनं ख्रिस्ती पैशावर शाळा काढायची आणि धर्मप्रसार करायचा नाही म्हणजे काय? इकडे पुण्यातल्या सनातन्यांना संशय की आतून बाटवाबाटवी चालली असणार. दोन्हीकडून मार!

1890च्या नोव्हेंबरमध्ये सदन पुण्याला हललं. मुंबईहून पुण्याला जाणारी आगगाडी तेव्हाही आपल्या भांडुपवरूनच जायची. या लोहमार्गाची कल्पनाच मुळी 1843मध्ये क्लार्क नावाच्या इंजिनिअरला भांडुपला आला असताना सुचली असं सांगतात. केशवपन झालेल्या, कधी माजघराबाहेर न पडलेल्या पोरी वह्या-पुस्तकांच्या ट्रंका घेऊन या रुळांवरून पुण्याला गेल्या असतील. आपल्या लेडीज डब्यातल्या गर्दीत उभं असताना मला अधूनमधून त्यांची आठवण येते.

पुण्यात 1893 साली वादळ फुटलं. रमाबाई स्वतः पहाटे प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसत. काही जणींना ख्रिस्ती व्हावंसं वाटू लागलं. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. इथं मात्र मी रमाबाईंची बाजू सरसकट घेणार नाही. दार उघडं ठेवलं, बोलावलं नाही, हे शब्दशः खरं असेल. पण ज्या पोरीला जगात दुसरं कुणी नाही तिच्यासाठी बाईंच्या उघड्या दाराची ओढ केवढी असेल! ज्या सल्लागारांच्या नावावर लोकांनी विश्वासानं मुली पाठवल्या, त्यांना वाईट वाटणं चुकीचं नव्हतं. फरक इतकाच की रमाबाईंनी हे पडद्याआड ठेवलं नाही. त्या पालकांना, वर्तमानपत्रांना, बॉस्टनच्या मंडळाला उत्तरं देत राहिल्या. मंडळ त्यांच्यामागे उभं राहिलं. आणि 1898मध्ये दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा त्या स्वतः अमेरिकेला गेल्या, सभेपुढे उभं राहून कामाचा अहवाल दिला. त्यानंतरच त्या मंडळानं मालमत्ता त्यांच्या हवाली केली.

त्याआधी 1896-97च्या मध्य प्रांतातल्या दुष्काळात त्या स्वतः गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. दुष्काळात आपलं घर कसं संपलं होतं ते त्या विसरल्या नव्हत्या. पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर 'मुक्ती' उभं राहिलं. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विहिरी, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायका चालवत. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन' होतं. फुलहॅमचं ते घर आठवतंय ना? 

याच काळात त्या सरकारशीही भिडल्या. 1897मध्ये प्लेगच्या दवाखान्यात बायकांचे काय हाल होतात ते त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रात छापून आणलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टनी ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला. बाईंनी माघार घेतली नाही.

मुक्ती कुठल्याही एका चर्चच्या ताब्यात त्यांनी दिलं नाही. चेल्टनहॅमला असतानाच त्यांना आश्चर्य वाटलं होतं की एका येशूचे इतके पंथ, आणि प्रत्येकाला बाकीचे चुकीचे वाटतात! आपल्याकडे वैष्णव, शैव भांडतात तसंच की. पण कुठल्याच बिशपाला उत्तर द्यायचं नाही म्हटल्यावर एक पेच येतोच. मुक्तीत शेवटचा शब्द कुणाचा? बाईंचा. 1905मध्ये तिथं धर्मजागृतीची मोठी लाट आली, मुली रात्र रात्र प्रार्थना करत, रडत. शेकडोंचे बाप्तिस्मे झाले. दुष्काळातून उचलून आणलेल्या त्या पोरींपैकी किती जणींना, सव्वीस वर्षांच्या रमाबाईंनी आजीबाईंना विचारले तसे प्रश्न विचारायची मोकळीक वाटली असेल? मला हा प्रश्न पडतो, आणि रमाबाईंबद्दल कितीही आदर असला तरी तो विचारायलाच हवा. त्यांनीच शिकवलंय ना ते!

अशा रीतीनं गोऱ्या साहेबाच्या छत्राबाहेर पडायची धडपड त्यांची एकटीची नव्हती. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही 1917मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. मराठी ख्रिस्ती माणसाला मराठीच राहू द्या, हे त्या दोघांचंही म्हणणं.

शेवटची पंधरा-सोळा वर्षं रमाबाईंनी एका कामाला वाहून घेतली. मराठी बायबल होतंच, पण पंडितांनी आणि साहेबांनी मिळून केलेलं, जड. केडगावच्या कुणबीण बाईला ते कळत नसे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. ज्यांच्याकडे ग्रंथ असतो त्यांच्याकडे अधिकार असतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. खिळे जुळवणं, छापणं, बांधणं, सगळं मुक्तीतल्या मुलींनी केलं.

24 जुलै 1921ला मनोरमा गेली. चाळिशीच्या आत-बाहेरची लेक आईआधी गेली. रमाबाईंना आता नीट ऐकूही येत नव्हतं. तरी मुद्रितं तपासणं चालूच होतं. 5 एप्रिल 1922ला केडगावला त्यांचं निधन झालं. भाषांतर हातावेगळं झालं होतं. छापलेलं पूर्ण बायबल 1924मध्ये बाहेर आलं.

चर्च ऑफ इंग्लंडनं आता आपल्या पवित्र स्मरणाच्या कॅलेंडरात 30 एप्रिल हा दिवस पंडिता रमाबाईंना दिला आहे. नावापुढे ओळख लिहिली आहे ती धर्मग्रंथाची भाषांतरकार एवढीच.